पाट, साचा आणि आखणी : पेणच्या मूर्तिकार-वस्तीच्या इतिहासाची साधने

कलेच्या इतिहासकारास एक साधन बहुधा न मागता मिळालेले असते, ते म्हणजे प्रत्यक्ष कलाकृती. तिच्या काळाविषयी वाद असेल, आश्रयदात्याविषयी दुमत असेल, शिल्पकाराचे नाव तर सहसा ठाऊकच नसते. तथापि वस्तू जागेवर असते आणि अभ्यासकास पुनःपुन्हा तिच्यापाशी जाता येते. रोह्याच्या दक्षिणेस राजपुरीच्या खाडीनजीक कुडे येथे सव्वीस लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आरंभ झालेल्या त्या कामास कोणी द्रव्य दिले, हे तेथील शिलालेखांवरून आजही वाचता येते. त्या दात्यांत महाभोज मांदवांच्या परिवारातील माणसे आहेत, तसा एक माळी आहे आणि एक लोखंडाचा व्यापारीही आहे. ह्याच प्रदेशात, तेथून फार दूर नाही अशा पेण गावी, गेली शंभराहून अधिक वर्षे मूर्ती घडत आहेत. आज वर्षाला लक्षावधी मूर्ती त्या तालुक्यातून बाहेर पडतात. परंतु साठ वर्षांपूर्वीची पेणची मूर्ती दाखवा, असे कोणी म्हटले, तर दाखविण्यास जवळजवळ काहीच नाही. ती घडविली त्याच वर्षी भाद्रपदात पाण्यात गेली. जाण्यासाठीच ती घडविलेली होती.

ज्या कलेची प्रत्येक कृती नष्ट होणे हाच तिचा विधी, तिचा इतिहास कोणत्या साधनांवर लिहावयाचा, हा प्रश्न मनात धरून प्रस्तुत लेखक काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह पेण व रोहे येथे जाऊन आला. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील ही दोन्ही तालुक्यांची गावे. १ जानेवारी १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड हे नाव आहे. ह्या भेटीत जे पाहिले व त्यावरून जे मत बनले, ते येथे मांडावयाचे आहे. ते मत थोडक्यात असे : पेणची कलावस्ती एखाद्या राजाश्रयाने अथवा केवळ एका प्रतिभावंत घराण्याच्या उद्योगाने उभी राहिली नाही, मूर्ती घडविणारा आणि मूर्ती पुजणारा ह्यांची परस्परांशी असलेली ओळख तुटली, त्या तुटण्यातून ती उभी राहिली. पुढे साचा, रंग, प्लास्टर, कर्ज, कायदा ह्या संबंधाने जे जे घडले, त्याचे मूळ ह्या एका घटनेत शोधले पाहिजे.

'कलावस्ती' हा शब्द ऐकून वाचकाने नाट्यगृहे, चित्रदालने आणि दगडी फरसबंदीचे चौक डोळ्यांपुढे आणू नयेत. पेणची कलावस्ती म्हणजे कासार आळी, कुंभार आळी, परीट आळी ह्यांसारख्या अरुंद आळ्या. घराच्या ओटीवर, माळ्यावर, परसातील पत्र्याच्या छपराखाली, जेथे म्हणून कोरडी जागा मिळेल तेथे, फळ्यांच्या मांडणीवर पांढऱ्या आकृत्या ओळीने बसलेल्या असतात. आम्ही गेलो तेव्हा फाल्गुन चालू होता. चतुर्थीस सहा महिने अवकाश असताना एका घरात परदेशी जावयाच्या मूर्तींच्या पेट्या बांधणे चालले होते, कारण बोटीने जाणारा माल उन्हाळ्यातच बंदरावर पोचवावा लागतो. शेजारच्या घरात त्याच वेळी पुढील महिन्यांसाठी माती भिजत होती. सणाचा काळ आणि कामाचा काळ ह्यांची अशी फारकत झालेली पाहिली की ही कला कोणत्या प्रकारची आहे, ह्याची पहिली कल्पना येते.

मूळची रीत निराळी होती, आणि ती दक्षिण कोकणात अद्याप पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पुजावयाचा गणपती हा पार्थिव, म्हणजे मातीचा; पूजेपुरता त्यात देव आणावयाचा आणि मग ती माती पाण्यास परत करावयाची. अशी मूर्ती गावचा कारागीर आपल्या 'गणपतीच्या शाळेत' करीत असे. त्यासाठी यजमान आपल्या घरचा लाकडी पाट महिना-दोन महिने आधी शाळेत नेऊन ठेवी. ह्या पाटाकडे अभ्यासकांनी जावे तितके लक्ष गेलेले नाही. पाट म्हणजे एका अर्थी करारपत्र होय. पाटाच्या लांबी-रुंदीवरून मूर्तीचे माप ठरे. पाट कोणाचा हे ठाऊक असल्यामुळे त्या घरची परंपराही कारागिरास ठाऊक असे : सोंड कोणत्या बाजूस, उंदीर कोठे, पितांबर कोणत्या रंगाचे. चतुर्थीच्या दिवशी तोच पाट मूर्तीसह डोक्यावरून घरी जाई. ह्या व्यवहारात मूर्ती आधी घडून मग गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली, असे होत नसे. गिऱ्हाईक आधी आणि मूर्ती मागून, असा तो क्रम होता.

पेणने हा क्रम उलटा केला. तो का उलटला, हे समजण्यासाठी पेणचे स्थान पाहिले पाहिजे. पेण भोगावती नदीच्या काठी आहे. भरतीचे पाणी धरमतरच्या खाडीतून आत येते आणि अंतोऱ्याच्या बंदरापर्यंत गलबते येत असत. एकोणिसाव्या शतकात पेणची ख्याती मीठ आणि तांदूळ ह्यांच्या व्यापारासाठी होती. म्हणजे मूर्तीच्या कितीतरी आधी पेणला मुंबईची बाजारपेठ, तेथील दलाल, गलबतांचे भाडे आणि हंगामी उधारीची रीत पाठ झाली होती. आणि मूर्तीस लागणारी जी शाडूची माती, तीही स्थानिक नव्हे. ती काठेवाडाकडून येते. पेणच्या मातीतच मूर्तीचा गुण आहे, असे भाविकपणे म्हटले जाते ते ऐकावयास गोड असले तरी खरे नाही. पेणच्या मातीत भात पिकते व खाजणात मीठ पिकते. मूर्तीची माती समुद्रमार्गाने आली, आणि ती येऊ शकली ती पेण बंदर होते म्हणून. कलेच्या इतिहासात भूगोलाचा भाग किती मोठा असतो, ह्याचे ह्याहून सोपे उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच सापडेल.

दुसरी बाजू मुंबईची. गिरण्यांमध्ये आणि गोद्यांमध्ये काम करण्यास कोकणातून माणसे गेली, चाळींत राहिली. त्यांचा गणपती गावच्या घरात असे. ज्यांस गावी जाता येईना त्यांनी खोलीत बसविला. अशा खोलीतल्या माणसाने पाट कोणाकडे नेऊन द्यावयाचा? १८९३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुरस्काराने सार्वजनिक उत्सवास चालना मिळाली व त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. ह्या घटनेचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. मूर्तिकलेच्या दृष्टीने तिचा परिणाम असा झाला की, ज्याचा कोणी एक यजमान नाही अशी मूर्ती अस्तित्वात आली. वर्गणीच्या पैशाने घेतलेल्या मूर्तीस घरची परंपरा नसते. तिला बाजारातील नमुना असतो.

पेणमधील ह्या व्यवसायाच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते आणि त्यांची 'कल्पना कला मंदिर' ही कार्यशाळा आजही पेणला जाणारा मनुष्य विचारीत जातो. त्या घराण्याचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु मातीकाम हा ज्यांचा जातिधर्म नव्हे अशा घराण्याने तो धंदा पत्करावा व त्यात अग्रेसर व्हावे, ह्यात एक सामाजिक सूचना आहे. मूर्तिकाम कुंभाराचे राहिले नव्हते. भांडवल, नमुना आणि गिऱ्हाईक जो मिळवू शकेल त्याचे ते झाले होते. आजही पेणच्या कारखान्यांत ब्राह्मण, कुंभार, कासार, आगरी अशा सर्व ज्ञातींची माणसे आहेत. रंगकामात व सफाईच्या कामात स्त्रियांची संख्या मोठी आहे, जरी कारखान्याच्या पाटीवर त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

आता साच्याकडे वळू. कारागीर प्रथम एक मूळ प्रतिमा हाताने घडवितो. ह्यास मात्र खरोखर शिल्पकार लागतो, आणि तो प्रत्येक कारखान्यात असतोच असे नाही. त्या प्रतिमेवरून प्लास्टरचा साचा काढतात, आणि तो एका तुकड्याचा नसतो. पुढचा भाग, पाठ, हात असे वेगवेगळे तुकडे. भिजवून मळलेली शाडू ह्या तुकड्यांत बोटांनी दाबून बसवितात. कोरडे प्लास्टर मातीतील पाणी ओढून घेते, माती किंचित आकसते आणि साचा सुटतो. मग जोडकाम : सांधे ओल्या मातीने भरणे, सोंड व हात बसविणे, ओल्या कुंचल्याने अंग गुळगुळीत करणे. ह्यानंतर वाळवण. शाडू सावकाश वाळली पाहिजे; घाई केली की भेगा पडतात, आणि पावसाळा लागला की ती वाळतच नाही. एकाच साच्यातून निघालेल्या शाडूच्या दोन मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या तर सारख्या नसतात. एकीची मान जराशी कललेली असते, दुसरीचा हात अंमळ वर असतो. सांधा हाताने भरला की हात आपली खूण ठेवून जातो. साचा आला म्हणजे कला संपली, असे जे सरसकट विधान आपल्या वर्गांतून ऐकू येते, ते म्हणूनच मला मान्य होण्यासारखे वाटत नाही. शाडूचा साचा ही आकृतीची आठवण आहे. पूर्ण आकृती नव्हे.

रबरी साचा आणि प्लास्टर आले तेव्हा परिस्थिती खरोखर बदलली. जिप्सम हा खनिज तापवून त्यातील तीन चतुर्थांश पाणी घालविले की जी भुकटी उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पाण्यात कालविताच ते काही मिनिटांत घट्ट होते. रबराचा साचा लवचीक असल्यामुळे खोलवरचे दागिने, मुकुटाची जाळी, पितांबराची चूण, हे सारे एकाच ओतकामात उतरते आणि साचा सोलून काढता येतो. आत काथ्या घातला की पोकळ मूर्तीही बळकट होते. वजन हलके, तडे नाहीत, वाळवणास ऊन लागत नाही, प्रवासात भंग पावण्याचे भय कमी. शाडूची जी मूर्ती करण्यास दिवस लागत, तिच्या जागी एका दिवसात अनेक मूर्ती निघू लागल्या. पण ह्या पद्धतीत दोन मूर्ती शेजारी ठेवल्या तर त्या सारख्याच असतात. साचा येथे आठवण राहिला नाही.

अशा वेळी हात कोठे उरला? तो डोळ्यांत उरला. पेणच्या मूर्तीची ख्याती आखणीची आहे. आखणी म्हणजे डोळे रेखणे : भुवई, पापणीची कड, बुबुळ आणि त्यातील प्रकाशाचा ठिपका. हे काम कारखान्यातील अनुभवी माणूस करतो; पुष्कळदा मालक स्वतः करतो. एका कारखान्यात आम्ही अर्धा तास हे पाहत उभे होतो. मांडीवर मूर्ती तिरपी धरलेली, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, श्वास रोखलेला, आणि बारीक कुंचल्याची एकच रेघ. ती पुसून पुन्हा काढता येत नाही. एका विद्यार्थिनीने विचारले की, दिवसाला शेकडो डोळे काढल्यावर ते आपोआप येत असतील? उत्तर आले, "हात आपोआप जातो, बाई, नजर जात नाही. संध्याकाळी काढलेले डोळे सकाळी पाहिले तर दमलेले दिसतात." अलंकार, शरीर, आसन हे सर्व साच्याच्या स्वाधीन झाल्यावर कारागिराचे कर्तृत्व बोटभर जागेत आकुंचित झाले, आणि त्याच जागेवरून गिऱ्हाईक 'ही पेणची' असे ओळखू लागले. एखाद्या परंपरेची शैली तिच्या वैभवातून नव्हे, तर तिच्या संकोचातून कशी घडते, हे पाहण्यास येथे उत्तम जागा आहे.

हे मुख कोठून आले, हाही एक प्रश्न आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला व तो पुढे मळवलीनजीक हलविला. त्याच्या व त्याच्यासारख्या इतर छापखान्यांच्या चित्रांनी घरोघर देवांचे एक नवे, मांसल, छायाप्रकाशाने उठावदार रूप नेले. पेणच्या रंगाऱ्याने गालावर, पोटावर, सोंडेच्या वळणावर जी छटा देण्याची रीत धरली, ती लेण्यांतील वा मंदिरांतील पाषाणमूर्तीवरून आलेली नाही. ती छापील चित्रावरून आलेली दिसते. म्हणजे मातीची गोल मूर्ती सपाट चित्राचे अनुकरण करते. हा क्रम उफराटा आहे खरा, पण चित्रास गोलाईचा भास देण्यासाठी जी छाया योजावी लागते, ती मुळातच गोल असलेल्या वस्तूवर पुन्हा रंगविण्याची ही हौस लोककलेत एकट्या पेणची आहे असेही नाही.

येथे एका शेजाऱ्याचे स्मरण होते. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे येथे झाला. त्यांच्या घरीही गणपती होत. कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांची नजर त्यांच्या कामावर गेली आणि त्यांच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेला. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला त्यांचा अश्वारूढ शिवाजी सर्वांस ठाऊक आहे. करमरकर १९६७ साली वारले. सासवण्याच्या त्यांच्या घरात त्यांची शिल्पे पाहावयास मिळतात. मातीच्या गणपतीपासून निघालेल्या दोन वाटा एकाच जिल्ह्यात, काही कोसांच्या अंतरावर दिसतात. एक वाट धातू, सिमेंट, स्वाक्षरी आणि संग्रहालय इकडे गेली. दुसरी साचा, हंगाम आणि पाणी इकडे. पहिल्या वाटेवरील माणसाचे चरित्र लिहिता येते. दुसऱ्या वाटेवरील माणसे आपल्या अभ्यासक्रमात 'कारागीर' ह्या एका सामान्यनामात मावतात. ह्यास त्या कामांचा दर्जा तितका कारण नाही, जितके त्यांचे टिकणे वा न टिकणे कारण आहे, असे मला वाटते.

मुंबई-गोवा रस्त्यावरून मालमोटारी धावू लागल्या तसे बंदराचे महत्त्व ओसरले, आणि कलावस्तीही आळ्यांत मावेनाशी झाली. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही पेणच्या उत्तरेकडील गावे आज ह्या व्यवसायात खुद्द पेणच्या पुढे आहेत. ही मुख्यतः आगरी शेतकऱ्यांची गावे. एक पीक भाताचे. खाडीचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरून तेही जाते. पेणच्या कारखान्यांत मजुरीने काम केलेल्या माणसांनी घरी येऊन आपले कारखाने काढले. येथून बाहेर पडणाऱ्या मालात कच्च्या मूर्तीचा, म्हणजे न रंगविलेल्या मूर्तीचा, वाटा मोठा आहे. ती ठोक भावाने दूरदूरच्या गावांस जाते व तेथला रंगारी तिला रंग आणि डोळे देतो. म्हणजे आखणीदेखील पेणच्या हातून गेली. हमरापूरची मूर्ती परगावी डोळे घेते आणि तरी विकली जाते पेणच्या नावाने! किती मूर्ती, ह्याचे आकडे वर्तमानपत्रांतून काही लक्षांपासून तीस लक्षांच्या पुढे हेलकावत असतात. जे कारखाने घराच्या पडवीत आहेत त्यांची मोजदाद ज्या पद्धतीने होते, ती पाहता कोणताही आकडा इतिहासाचे प्रमाण म्हणून घेऊ नये.

ह्या पार्श्वभूमीवर रोह्याचे वेगळेपण ध्यानात येते. पेणहून रोहे आगगाडीने फार दूर नाही. १९८६ साली लोहमार्ग रोह्यापर्यंत गेला आणि पुढे कोकण रेल्वेचा आरंभ तेथूनच झाला. कुंडलिकेच्या काठच्या ह्या गावाचे ग्रामदैवत धावीर महाराज. नवरात्र संपून दसरा झाला की दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी गावात निघते. पोलीस दलाकडून सशस्त्र मानवंदना होते, आणि मग पालखी आळीआळीने, दारोदार फिरते. आम्ही गेलो तो काळ पालखीचा नव्हता, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांस फक्त रस्ते पाहावयास मिळाले. पण रस्ते पाहणे निष्फळ झाले नाही. पालखी कोणत्या दारी थांबते, कोणत्या वळणावर वाद्ये बदलतात, कोठे खांदेकरी बदलतात, हे माणसे रस्त्यात उभी राहून सांगतात. जणू रस्ता हाच त्या प्रयोगाची संहिता आहे. पालखीचा सोहळाही पेणच्या मूर्तीसारखाच काळाबरोबर विरून जातो. परंतु तो पेटीत घालून परगावी पाठविता येत नाही. करणारा आणि पाहणारा दोघेही त्याच गावचे, बहुधा एकमेकांच्या नात्यागोत्यातले. ह्याच भागातील आगरी लग्नांत धवळे म्हणणारी धवळारीण पाहा : लग्नाचा विधी तिच्या गाण्याने चालतो, आणि नवऱ्या-नवरीची, त्यांच्या आईबापांची नावे त्या गाण्यात घालावयाची म्हणजे ती तिला ठाऊक असावी लागतात. पाटाचा जो करार पेणमध्ये मोडला, तो ह्या सादरीकरणाच्या कलांत अजून शाबूत आहे. म्हणूनच रोह्यास कलावस्ती झाली नाही, आणि पेणला झाली. वस्ती होण्यासाठी कलेस आपले गाव सोडून जाता यावे लागते.

तुलनेसाठी कलकत्त्याच्या कुमारटुलीचा उल्लेख करणे अवश्य आहे. तेथील दुर्गामूर्तीचा सांगाडा बांबूचा व पेंढ्याचा, त्यावर नदीची माती. मुखासाठी साचा वापरतात, पण देह हाताने उभा राहतो. तेथेही डोळे शेवटी काढतात आणि त्यासाठी महालयेचा मुहूर्त आहे. २०२१ साली कलकत्त्याच्या दुर्गापूजेस युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान मिळाले. परंतु कुमारटुली शहराच्या आत आहे. मंडपाचे चालक स्वतः तेथे येतात, मूर्ती अर्धवट असताना पाहतात, नाक मुरडतात, बदल सुचवितात. पेणपासून मुंबई सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, आणि मधे घाऊक व्यापारी. त्या अंतराने पेणला बाजारपेठ दिली, पण टीकाकार दिला नाही. गिऱ्हाइकाची आवड पेणपर्यंत पोचते ती मागणीच्या यादीतून : लालबागचा राजा इतके, दगडूशेठ इतके, लोडाचे इतके. प्रसिद्ध सार्वजनिक मूर्तींच्या लहान आवृत्त्या हा आज नमुन्यांचा मोठा भाग आहे. पूर्वी घराची परंपरा कारागिरास मूर्तीचे रूप सांगे. आता ते काम सार्वजनिक मंडळांची कीर्ती करते.

आता सांप्रतच्या वादाविषयी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व मे २०२० मध्ये सुधारून प्लास्टरच्या मूर्तींस मनाई केली; गणेशमूर्तींपुरती तिची अंमलबजावणी त्या वेळी एक वर्ष पुढे ढकलण्यात आली. त्याच वर्षी साथीमुळे राज्य शासनाने घरगुती मूर्तीस दोन फुटांची व सार्वजनिक मूर्तीस चार फुटांची मर्यादा घातली, तेव्हा आधीच तयार असलेल्या उंच मूर्ती कारखान्यांत तशाच राहिल्या. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन होऊ नये असे सांगितले. पुढे जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती सवलत मिळाली. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, अर्धवट भंगलेल्या आकृती किनाऱ्यास लागतात, रासायनिक रंग पाण्यात उतरतात. ह्या गोष्टी नाकारता येण्यासारख्या नाहीत.

परंतु ह्या वादात दोन्ही पक्ष इतिहासाचा जो उपयोग करतात, तो मला सदोष वाटतो. एक पक्ष म्हणतो, शाडू हीच मूळ परंपरा, तिच्याकडे परतावे. परतावयाचे म्हणजे काय? काठेवाडची माती पेणमध्ये आणून, साच्यात दाबून, मुंबईस विकावयाची, हे ज्या परंपरेचे रूप आहे तीही एका जुन्या करारभंगावर उभी आहे. शाडूही पाण्यात गाळ करते. आणि शाडूस लागणारे दिवस, ऊन, जागा, कुशल हात हे हमरापूरच्या पडवीतील कारखान्याने कोठून आणावे, हे त्यास कोणी सांगत नाही. भाद्रपद संपल्यावर पैसा हाती येतो, आणि तोवरचे दहा-अकरा महिने कच्चा माल व मजुरी कर्जावर चालते. अशा धंद्यात मूर्तीचे द्रव्य बदलणे म्हणजे कर्जाची मुदत बदलणे होय. दुसरा पक्ष म्हणतो, प्लास्टर हीच आता पेणची परंपरा, तिच्यावर लक्षावधींचे पोट आहे. पोटाची गोष्ट खरी. परंतु प्लास्टरने कारागिराचे हात किती मोकळे केले आणि किती निकामी केले, हा हिशेब ह्या पक्षाने कधी मांडलेला नाही. आखणी करणारा माणूस आणि कच्ची मूर्ती ओतणारा माणूस ह्यांचे हित एकच आहे, असे गृहीत धरूनच सर्व निवेदने लिहिली जातात. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांत तरी ते एक दिसले नाही. आळीतील जुना मूर्तिकार शाडूविषयी बोलताना मवाळ होता, कारण त्याचे गिऱ्हाईक शाडूस अधिक मोल देते. ठोक माल करणारा तरुण मात्र त्रस्त होता, आणि त्याचा त्रास खोटा नव्हता.

ह्या बदलाच्या काळात साधने कोणती नष्ट होत आहेत, हे पाहणे आपल्यासारख्यांचे काम आहे. पेण नगरपरिषदेने गणेशमूर्तींचे संग्रहालय उभारले, ही चांगली गोष्ट. पण विसर्जन न झालेली मूर्ती ही त्या परंपरेतील अपवाद होय, आणि अपवादांवरून इतिहास लिहिला तर तो दिशाभूल करील. खरी साधने तीन. पहिले, टाकलेले साचे. नमुना चालेनासा झाला की प्लास्टरचा साचा फोडून भरावास घालतात. एका घराच्या परसात आम्हांस असे तुकडे मातीत अर्धे रुतलेले दिसले. त्यांतील एका तुकड्यात मुकुटाची उलटी आकृती स्पष्ट होती, आणि ती आजच्या कोणत्याही नमुन्याशी जुळत नव्हती. असे तुकडे मोजून, त्यांचे ठसे घेऊन, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता येतील. दुसरे साधन घराघरांतील पाट. मूर्ती गेली तरी पाट परत येतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पाटाची मापे घेतली तर घरगुती मूर्ती केव्हा मोठी होत गेली, हे कळू शकेल.

तिसरे साधन कारखान्यांच्या वह्या. एका मालकाने आपल्या आजोबांच्या काळापासूनच्या वह्या कपाटातून काढून दाखविल्या. आरंभीच्या वहीत नोंदी माणसांच्या आहेत : अमक्या आळीचे अमके, पाट आला, आगाऊ इतके, बाकी इतके. शेवटच्या वह्यांत नोंदी दुकानांच्या व शहरांच्या आहेत, आणि नगांच्या. मधल्या पंधरा-वीस वह्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत. 'पाट आला' ही नोंद शेवटची कोणत्या पानावर आहे, हे त्या मालकासही ठाऊक नव्हते. त्याने दिवाळीनंतर, हंगाम नसताना, आम्हांस वह्या पाहू देण्याचे कबूल केले आहे. दोन विद्यार्थी त्यासाठी पेणला पुन्हा जाणार आहेत.